उजेडाचा हिशेब

ब्रिटनमधल्या मराठी घरांत कॅमेऱ्यांची वानवा नाही. मंडळाच्या गणपतीत चार-पाच जणांच्या गळ्यात मोठे कॅमेरे असतात, उरलेल्यांच्या हातात चांगले फोन. फोटो मात्र मनासारखे उतरत नाहीत. आरतीचे पिवळेधमक येतात, दिवाळीच्या नाचाचे जांभळे, आणि लग्नातले चेहरे एकतर पीठ फासल्यासारखे, नाहीतर काळवंडलेले. मग खापर यंत्रावर फुटतं. नवी लेन्स येते, नवा फ्लॅश येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच रडगाणं. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच, की आपण दुखणं भलतीकडेच शोधतो. कॅमेऱ्याची म्हणून केलेली तक्रार बहुतेक वेळा उजेडाची असते, आणि उजेडाची तक्रार जागेची किंवा वेळेची. आधी सूर्य किंवा दिवा बघा, मग भिंत आणि छत, मग माणूस आणि त्याचे कपडे, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. हा क्रम पाळला तर पुष्कळशा अडचणी पिशवीची चेन न उघडताच सुटतात.

ज्या उन्हात आपली नजर तयार झाली ते ऊन इथे नाही, हे पहिल्यांदा मनाला पटायला हवं. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, लंडन ५१.५ वर. २१ डिसेंबरच्या भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंश चढतो, एडिंबरात तर ११ अंशांच्या आतबाहेर. साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली त्या घटकेला मुंबईत पाच फुटांची असते, लंडनमध्ये वीस फुटांची. मे महिन्यात पुण्या-मुंबईचा सूर्य थेट डोक्यावर येतो, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, म्हणून तिथला फोटोग्राफर माणसाला झाडाखाली घेतो. तीच सवय इथे डिसेंबरात कामाची नाही. झाडावर पानं नसतात, आणि ऊन पडलंच तर ते समोरून, थेट डोळ्यांच्या रेषेत येतं. माणूस डोळे मिचकावतो. इथे त्याला उन्हाकडे पाठ करून उभं करावं आणि चेहऱ्यावर पांढऱ्या भिंतीचा किंवा रिफ्लेक्टरचा उजेड टाकावा.

ढगाळ दिवसाची गोष्ट वेगळी. दाट ढग असले तर कडक उन्हापेक्षा तीन स्टॉप कमी उजेड मिळतो, पण तो मऊ असतो म्हणून लोक खूश असतात. तोही वरूनच येतो हे विसरलं जातं. उघड्या मैदानात उभं केलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली तेव्हाही सावल्या पडतात. त्याला दोन पावलं मागे, दारावरच्या छपराच्या कडेशी न्यावं. वरचा उजेड तुटतो, समोरचा राहतो आणि डोळे उघडतात. खर्च शून्य.

वेळेचंही तसंच. लंडनचा सगळ्यात छोटा दिवस पावणेआठ तासांच्या थोडा वरचा, आणि सूर्यास्त चारच्या आत. जूनमध्ये उलट टोक: साडेसोळा तासांहून मोठा दिवस, सव्वानऊनंतर मावळणारा सूर्य, आणि त्यानंतर पाऊण तास रेंगाळणारा संधिप्रकाश. मुंबईत हा संधिप्रकाश पंचवीस मिनिटांत आटोपतो. जूनच्या लग्नात वधूवरांचे निवांत फोटो दुपारी दोनला उरकायची घाई कशाला? जेवणं होऊ द्यावीत आणि नऊला त्यांना दहा मिनिटं बाहेर काढावं. ही युक्ती कुठल्याच लेन्सच्या खोक्यात मिळत नाही.

उजेडाची ही टंचाई या देशाच्या छायाचित्रणाला जन्मापासूनची आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने ऑगस्ट १८३५ मध्ये विल्टशायरमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या घरात निगेटिव्ह काढली, ती जाळीच्या खिडकीची. कागद इतका मंद होता की विषय स्वतःच उजळ असलेला बरा. त्याने लहान लहान लाकडी पेट्या वापरल्या, त्याही याच कारणाने. छोट्या पेटीत आखूड फोकसची लेन्स बसते आणि उजेड लहानशा जागेत एकवटतो. त्याची पत्नी कॉन्स्टन्स या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणे. पुढे जून १८५१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने फिरत्या चाकावर ‘टाइम्स’चं पान चिकटवलं आणि लेडन बरण्यांत साठवलेल्या विजेच्या एका ठिणगीत त्याचा फोटो घेतला. आजच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा वंश त्या ठिणगीपर्यंत जातो. चाक थांबवणं जमत नसेल तर उजेडच क्षणभराचा करावा, हा विचार त्यामागे होता. हॉलमध्ये लेझीम टिपणाऱ्याला आजही तोच कामाला येतो.

या पुस्तकाचे खरे पूर्वज मात्र विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावातले दोन हौशी छायाचित्रकार आहेत. फर्डिनंड हर्टर हा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंजिनिअर. दोघांना अंदाजपंचे एक्स्पोजर देण्याचा कंटाळा आला होता. १८८८ मध्ये त्यांनी ‘ॲक्टिनोग्राफ’ नावाच्या साधनाचं पेटंट घेतलं. सरकपट्टीच्या जातीचं हे यंत्र. त्यातल्या तक्त्यावर विशिष्ट अक्षांशासाठी वर्षातल्या दिवसाचा आणि दिवसातल्या तासाचा उजेड आखलेला असे. त्याशेजारी प्लेटचा वेग, लेन्सचं छिद्र आणि आकाशाची स्थिती जुळवली की एक्स्पोजर समोर येई. १८९० मध्ये त्यांनी प्रकाश आणि प्लेटवरचा काळेपणा यांचं नातं मोजून मांडलं. फिल्मच्या आलेखाला आजही त्या दोघांचं नाव आहे. स्वच्छ उन्हाच्या देशात असलं यंत्र कुणाला सुचलं असतं का, अशी शंका येते. तिथे एकदा अंदाज बसला की तो आठ महिने पुरतो. जिथे उजेड तासातासाला पालटतो तिथल्या माणसाला मोजमापाशिवाय गत्यंतर नसतं.

मराठी माणसाचा या कारागिरीशी संबंध जुना आहे. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईची. तिच्या सुरुवातीच्या कारभाऱ्यांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादांनी चलच्चित्रांचा कॅमेरा इंग्लंडहूनच मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईतली कुस्ती टिपली. पण यंत्र आणि उजेड यांचा हिशेब कसा घालावा याचा वस्तुपाठ पाहायचा तर दादासाहेब फाळक्यांचा पाहावा. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला आले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन तिथल्या संपादकांचा सल्ला घेतला. वॉल्टन-ऑन-टेम्स इथे सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला. काचेच्या छताचा तो स्टुडिओ, आणि सूर्याची उणीव भरायला आत विजेचे आर्क दिवे. फाळक्यांनी हे सगळं बघितलं, पण विकत घेतलं ते निवडून: विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, डेव्हलपिंग आणि प्रिंटिंगची सामग्री. दिव्यांची गरज दादरला नव्हती. तिथे सूर्य फुकट होता.

परत आल्यावर त्यांनी काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. थेट ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोप वाढेल तसतशी एकेक चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. कॅमेरा, फिल्म, रसायनं आणि खिडकीतला उजेड या चारी गोष्टींची त्यात परीक्षा झाली. सावकारांना दाखवायला पुरावाही मिळाला. घरच्या स्वयंपाकघरात, अंधारात, पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत आणि ती धुवायला मदत करत. चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून त्या उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर टाकत, असंही सांगतात. आज पिशवीत घडी घालून नेतो तो गोल रिफ्लेक्टर आणि ती चादर यांत कामाच्या दृष्टीने फरक नाही. नवं यंत्र आधी कुंडीतल्या रोपावर तपासावं आणि मगच कार्याला न्यावं, हा फाळक्यांचा धडा या पुस्तकातल्या यंत्रांवरच्या प्रकरणांचा पाया आहे.

इंग्लंडातला आणखी एक दाखला आपल्या जवळचा आहे. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम लेनवर बेल व्ह्यू नावाचा स्टुडिओ होता. १९५० नंतर गिरण्यांत कामाला आलेली दक्षिण आशियाई माणसं गावी पाठवायला तिथे फोटो काढून घेत: कोट-टाय घालून, खिशाला पेन लावून, डोक्यापासून पायापर्यंत. मालकाने काळाप्रमाणे नवी सामग्री घेतली नव्हती. जुना लाकडी प्लेट कॅमेरा आणि दिवसाचा उजेड यावरच धंदा चालला. त्या काचेच्या निगेटिव्ह पुढे ब्रॅडफर्डच्या संग्रहालयांत जतन झाल्या. आज त्या बघताना सावळ्या चेहऱ्यांवरचा प्रत्येक उतार-चढाव दिसतो. एका बाजूने येणारा मोठा मऊ उजेड आणि न हलणारा माणूस, एवढ्यावर ते साधलं.

आता हॉलकडे वळू, कारण आपले निम्मे फोटो तिथलेच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं आहे, पण बहुतेक गावांतल्या मंडळांचे कार्यक्रम भाड्याच्या हॉलमध्ये होतात: शाळेचा, चर्चचा किंवा गावकीचा. तिथे तीन प्रकारचे उजेड एकाच चौकटीत भांडतात. निरांजनाची ज्योत साधारण १९०० केल्विनची, छतावरचे एलईडी ४००० च्या घरातले, आणि आपला फ्लॅश ५५०० चा. कॅमेरा सरासरी काढतो आणि कुणाचंच समाधान होत नाही. उपाय दोनच. एकतर भांडणारा एक दिवा बंद करावा. मखरावरचे छताचे दिवे विझवायला हॉलचा व्यवस्थापक सहसा हरकत घेत नाही, फक्त आधी विचारायला हवं. नाहीतर फ्लॅशला ज्योतीच्या बाजूला आणावं. हँपशायरमधल्या अँडोव्हरची ली फिल्टर्स ही कंपनी २०४ क्रमांकाचा केशरी जेल बनवते. तो लावला की फ्लॅशचा उजेड जुन्या पिवळ्या बल्बसारखा होतो. मग आरती ओवाळणाऱ्या आजींचा चेहरा निळसर पडत नाही आणि ज्योतीचा सोनेरीपणाही राहतो.

दुसरी नेहमीची तक्रार फोटोतल्या आडव्या काळ्या पट्ट्यांची. सेन्सर बिघडला म्हणून कॅमेरे दुरुस्तीला जातात. दोष विजेच्या ठेक्याचा असतो. ब्रिटनमध्ये आणि भारतातही वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज नको म्हणून आपण इलेक्ट्रॉनिक शटर लावलेलं असतं, वेग १/५०० ठेवलेला असतो. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो तेव्हा काही ओळी दिव्याच्या उजळ क्षणात सापडतात, काही मंद क्षणात. मेकॅनिकल शटर लावा, वेग १/१०० किंवा १/५० वर आणा, किंवा कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय चालू करा. रंगमंचावरच्या जांभळ्या-निळ्या एलईडीला मात्र मागाहून औषध नाही. ज्या उजेडात हिरवं मुळातच नाही तिथून त्वचेचा रंग कुठून आणणार? कार्यक्रमाआधी दिवे सांभाळणाऱ्याला गाठून पुढच्या दिव्यांत थोडा पांढरा मिसळायला सांगावं. ते पाच मिनिटांचं बोलणं पाच तासांची दुरुस्ती वाचवतं.

फ्लॅश छतावर मारून उजेड खाली घ्यावा, हे सगळे शिकतात. छत पांढरं आणि हाताशी असेल तर ते छान जमतं. इथल्या जुन्या हॉलांना काळपट लाकडी तुळया आणि उंच उतरतं छत. उजेड वर जातो आणि तिथेच मुरतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, हा नियम कुणाच्याही फ्लॅशला चुकलेला नाही. अशा वेळी छताचा नाद सोडून बाजूची फिकट भिंत धरावी, आणि तीही नसेल तर स्टँडवर छत्री उघडावी.

चेहऱ्यांचं आणि साड्यांचं प्रकरण या पुस्तकात सगळ्यात मोठं आहे, कारण इंग्रजी पुस्तकांत ते सापडत नाही. मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. काळ्या पडद्यापुढे गोरा चेहरा आला की तो जळतो, पांढऱ्या भिंतीपुढे सावळा आला की बुडतो. सावळी नवरी आणि इंग्रज जावई शेजारी उभे असले तर मीटर गोंधळणारच. त्यावरचा उपाय म्हणजे माणसावर पडणारा उजेड मोजणं. एनफिल्डला बनणाऱ्या वेस्टन मास्टर मीटरवर इन्व्हरकोन नावाची पांढरी टोपी बसवून छायाचित्रकार हेच करत. मीटर नसेल तर तळहात वापरा. त्वचेचा रंग कोणताही असो, तळहात फारसे वेगळे नसतात. त्याच उजेडात तळहात धरा, त्यावरून रीडिंग घ्या आणि एक स्टॉप वाढवा.

पैठणीचं दुखणं तिसरंच. जरीची तार आरशासारखी वागते. समोरून छोटा फ्लॅश मारला की पदरावर पांढरे भाजलेले ठिपके उमटतात आणि मोर हरवतो. दिवा मोठा केला, म्हणजे सॉफ्टबॉक्स लावला किंवा खिडकीजवळ नेलं, की जरीत त्या मोठ्या उजेडाचं प्रतिबिंब पसरतं आणि सोनं सोन्यासारखं दिसतं. धूपछाँव पोत असेल तर उजेड बाजूने हवा. ताण्याचा आणि बाण्याचा रंग वेगवेगळ्या कोनांतून वेगळा उठतो, समोरच्या उजेडात दोन्हींचा चिखल होतो. अंतरपाटाच्या वेळी हाच विचार दिशेला लागू पडतो. वधूवर पूर्व-पश्चिम उभे राहणार असतील आणि खिडकी पूर्वेला असेल, तर एकाची खिडकीकडे पाठ आणि दुसऱ्याच्या तोंडावर अंतरपाटाची सावली. दिशा बदलून गुरुजींना चालत नाही, तेव्हा खोली निवडतानाच उत्तरेची मोठी खिडकी असलेली निवडावी. उजेड बाजूने, मऊ आणि दोघांना सारखा मिळतो.

यंत्रांच्या अडचणींना पुस्तकाचा शेवटचा तृतीयांश दिला आहे. तिथेही स्थानिक खाचाखोचा आहेत. इथल्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो. ३ अँपिअरच्या जागी १३ चा बसवला तर पातळ वायर जळेपर्यंत फ्यूज उडत नाही. नाटकाच्या स्टेजवर मात्र कधीकधी आपल्या गावाकडच्यासारखी गोल पिनांची १५ अँपिअरची सॉकेट दिसतात आणि आपण हरखून चार्जर खुपसायला जातो. तसं करू नये. ती बहुधा डिमरवर चालतात. कमीजास्त होणाऱ्या विजेवर फ्लॅश किंवा चार्जर जळू शकतो. चहाचा बॉयलर एकटा ३ किलोवॉट ओढतो, म्हणजे १३ अँपिअरची मर्यादा संपलीच. त्याच एक्स्टेन्शनवर आपले दिवे लावू नयेत. आणि पुष्कळ हॉल विजेच्या सामानावर सुरक्षा-तपासणीचं स्टिकर असल्याशिवाय ते लावूच देत नाहीत, हे आदल्या आठवड्यात विचारून ठेवावं.

लेन्सवर वाफ धरण्याचं शास्त्र दोन्ही देशांत एकच आहे, फक्त दार उलटं. मुंबईत एसी खोलीतून बाहेर पडल्यावर लेन्स धुकटते, इथे थंडीतून गरम हॉलमध्ये शिरल्यावर. पुसत बसू नये. बाहेर असतानाच कॅमेरा बंद पिशवीत टाकावा आणि आत आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नये. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी. सामान घेताना वस्तूपेक्षा तिचा माउंट बघावा. बोवेन्स ही ब्रिटिश स्टुडिओ-दिव्यांची कंपनी २०१७ मध्ये बुडाली, पण तिचा एस माउंट इतका रुळला होता की आज चिनी कंपन्यांचे दिवेही त्यावरच चालतात. लंडनमध्ये घेतलेला सॉफ्टबॉक्स पुण्यातल्या मित्राच्या दिव्यावर बसतो तो यामुळे.

पुस्तकाची मांडणी अडचणींवरून केली आहे, उपकरणांवरून नाही. प्रत्येक प्रकरण एका तक्रारीने सुरू होतं, मग ती तक्रार उजेडाची, जागेची की यंत्राची हे ओळखायच्या खुणा येतात, आणि उपाय स्वस्ताकडून महागाकडे जातात. नव्या खरेदीचा सल्ला दिला आहे तो शेवटी, आणि नाइलाजाने. कोणता कॅमेरा चांगला याची चर्चा इथे नाही. ती पुस्तक छापून येईपर्यंत शिळी होते. सूर्याचे कोन आणि निरांजनाचा रंग शिळा होत नाही. ज्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी, नाट्यहौशींनी आणि लग्नांत राबणाऱ्या पोरांनी आपले फसलेले फोटो विनासंकोच दिले त्यांचे आभार. चांगले फोटो सगळेच दाखवतात. शिकवतात ते फसलेले.

शेवटी एक कोरा तक्ता जोडला आहे: हॉलचं नाव, महिना आणि वेळ, खिडक्यांच्या दिशा, छताचा रंग, दिव्यांची जात, पट्ट्या न येणारा शटरचा वेग, सॉकेट कुठे आहेत, आणि कोणाला विचारलं की दिवे बंद होतात. हर्टर आणि ड्रिफील्डनी अक्षांशासाठी केलं ते तुम्ही आपल्या हॉलसाठी करायचं. कार्यक्रमाच्या दिवशी तासभर आधी पोचा आणि तक्ता भरा. दोन वर्षांत तुमच्या मंडळाकडे स्वतःचा उजेडाचा दस्तऐवज तयार होईल, आणि पुढच्या वेळी कॅमेरा धरणाऱ्या नव्या मुलाला पुस्तकाआधी तो द्यावा.